एकच पाठ, पण सर्वांपर्यंत पोहोचणारा: नव्या शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकांसाठीचा एक सल्ला शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचा आशय असा की, दोनशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलासाठी वेगळा पाठ करणे अशक्य आहे. दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षक आहेतच. काहींसाठी पाठ सोपा केला की हुशार मुले मागे पडतात. म्हणून सुरुवातीला सर्वांना सारखेच शिकवावे, बाकीचे अनुभवाने येते. विदर्भातल्या खेड्यांत हा सल्ला फार महागात पडेल.

वेगळा पाठ करा, असे मुळात कोणी सांगतच नाही. पाठ एकच राहतो. सरावाचे साधन आणि उत्तर देण्याची रीत बदलते. तिसरीत 42 मधून 17 वजा करायचे आहेत. तुराटीच्या दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर असल्या, की दोनांतून सात जात नाहीत आणि एक जुडी सोडावी लागते, हे मुलाच्या हातालाच कळते. ज्याला ते उमगले ते पाटीवर उभी मांडणी करील, ज्याला फळा नीट दिसत नाही ते काड्यांवरच सोडवून तोंडी उत्तर देईल, आणि ज्याचे आधीच झाले ते याच आकड्यांवर कापूस वेचणीचे गणित रचील. काड्या एकदा बांधल्या की वर्षभर चालतात. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला पुष्कळदा हिशेब अडत नाही, ‘वजा’ हा शब्द अडतो. सोबतच्या मुलाने कृती आधी कोरकूत सांगितली आणि शिक्षकाने मग मराठी शब्द जोडला, तर ते मूल पुढे सरकते.

विशेष शिक्षकांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण केंद्र सरकारने ठरवले, आणि त्याचा आग्रह आपण धरलाच पाहिजे. मात्र अनेक शाळा सांभाळणारा तो शिक्षक रोज वर्गात नसतो. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करण्याचे कर्तव्य 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 ने वर्गशिक्षकावरच टाकले आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोलायला, फळ्याकडे वळून न बोलायला, तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

हुशार मुले मागे पडतात हे म्हणणे वरच्या उदाहरणातच निकाली निघते. खरा धोका वेगळा आहे: गट कायमचे झाले की ‘ढ’ हा शिक्का बसतो, म्हणून गट विषयागणिक बदलले पाहिजेत.

राहिला अनुभव. तो आपोआप येतो, हे मला मुळीच मान्य नाही. एकट्या पडलेल्या शिक्षकाला अनुभवातून बहुधा एकाच पद्धतीची सवय लागते. त्याला हवा असतो पाठाआधी शेजारी बसणारा जुना सहकारी, जो विचारील: या पाठात कोणते मूल कुठे अडेल, आणि तिथे तू काय ठेवशील? केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाला जो वेळ जातो त्यातला अर्धा तास काढून पुढच्या आठवड्यातला एक खरा पाठ सर्वांनी मिळून असा तपासावा. विशेष शिक्षकालाही त्याच दिवशी बोलवावे. वेचणीच्या दिवसांत आठवडाभर गैरहजर राहिलेले मूल परतल्यावर त्याला कुठून घ्यायचे, हेही तिथेच ठरवता येते. आणि केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत पाठाचे टाचण (लेखी पूर्वतयारी) पूर्ण आहे का हे पाहण्याआधी, अडलेल्या मुलाने कालचे गणित कसे सोडवले, ते नव्या शिक्षकाकडून ऐकून घ्यावे.