खुलासा : ब्रेकच्या डिस्कवर तेल सोडू नका
‘चोर्ला घाट उतरताना ब्रेक चीं चीं करत असेल तर डिस्कवर थोडं तेल सोडा, आवाज बंद,’ असा मेसेज बेळगाव-खानापुरात फिरतोय. आवाज बंद होईल, खरं गाडी थांबणार नाही! ब्रेक चालतो तो घर्षणावरच: चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरतात.

पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. त्यानंही चीं होतं; सकाळी गाडी चालवताना चार-पाचदा ब्रेक दाबला की तो आवाज जातो. रोजच चीं ऐकू येत असेल तर पॅड बघून घ्या. बऱ्याच पॅडना पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते, मुद्दामच. खरखर म्हणजे लोखंडाला लोखंड लागलं. मग घाट नकोच, मेस्त्री गाठा. तेल आधीच सोडलंय? ब्रेक साफ करायच्या फवाऱ्यानं (ब्रेक क्लीनर) डिस्क पुसा, पॅड मात्र बदलाच.