शिरगावची बातमी धर्म बघून मागे पडली नाही

डिचोलीच्या माझ्या मावशीनं काल एक मेसेज पुढं पाठवला. तिचा थोरला मुलगा धोंड आहे, दरवर्षी व्रत पाळून वेताची काठी घेऊन गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या होमकुंडातून जातो. त्यामुळे तो मेसेज तिच्या जिव्हारी लागला. दावा असा: शिरगावच्या जत्रेत चेंगरून गेलेले भाविक हिंदू होते म्हणून राष्ट्रीय चॅनेलांनी दोन दिवसांत विषय गुंडाळला, बेंगळुरूत विजयाच्या जल्लोषात चेंगरलेल्या क्रिकेट चाहत्यांसाठी मात्र आठवडाभर ओरडले, आणि गोव्यातल्या पेपरांनी पैसे खाऊन बातमी दाबली.

पेपरांचं तर धादांत खोटं आहे. 3 मे 2025 च्या त्या चेंगराचेंगरीनंतर इथल्या मराठी दैनिकांची पहिली पानं काढून बघा, शिरगावच आहे.

धर्माचा मुद्दा मात्र विषारी आहे. जुलै 2024 मध्ये हाथरसच्या सत्संगात 121 जण गेले, जानेवारी 2025 मध्ये कुंभात सरकारी आकड्यानुसार 30. तेही भाविकच होते, आणि चॅनेलांवर दिवसचे दिवस तेच चाललं होतं. मग शिरगाव का मागे पडलं? तारखा बघा. 22 एप्रिलला पहलगाम, 7 मे रोजी ऑपरेशन सिंदूर आणि आमची जत्रा बरोबर मधे. देशाला युद्धाची धास्ती लागली होती. आयझेन्से आणि स्ट्रोमबर्ग या अर्थतज्ज्ञांनी 1968 ते 2002 मधल्या सुमारे 5,000 नैसर्गिक आपत्ती तपासल्या. ऑलिम्पिकसारखी मोठी बातमी चालू असताना आलेल्या आपत्तीला अमेरिकी टीव्हीवर जागा कमी मिळाली, आणि अमेरिकेची मदतही. ज्वालामुखीत एक माणूस मेल्यावर जेवढी बातमी होते, तेवढी व्हायला अन्नटंचाईत जवळपास 40,000 मरावे लागतात, असा त्यांचा हिशेब. यात धर्म कुठं आला?

दिल्लीला गोवा पर्यटनापुरता दिसतो, हे मान्य करावंच लागतं. बेंगळुरूत जल्लोषासाठी कॅमेरे आधीच उभे होते. शिरगावात पहाटेचा काळोख होता. गरिबाचं तर विचारूच नका: 2014 मध्ये काणकोणला इमारत कोसळून मजूर गाडले गेले, आज कोण काढतं त्यांचं नाव? आपल्याच गोव्याच्या रस्त्यांवर वर्षाला दोनशेहून जास्त माणसं मरतात, पण एकेक करून, म्हणून आतल्या पानावर.

मला राग याचा येतो की शिरगावच्या त्या उतारावर एवढी गर्दी कुणी जाऊ दिली, हे विचारायचं सोडून घरातली माणसं चॅनेलांचा धर्म शोधत बसली आहेत. मावशीचा मुलगा पुढच्या जत्रेला त्याच उतारावरून जाणार आहे.