शिक्षा पोराला आणि सुई देणारा मोकळा

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि रस्त्यावरची सायकल शर्यत महाराष्ट्रात घराघरांत पोचली. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, आणि दर्जा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा, म्हणजे युसीआयचा, २.२, हा अनेक टप्प्यांच्या शर्यतींचा एक वर्ग. रस्ते शर्यतीपुरतेच गुळगुळीत का, हा वाद तेव्हा रंगला आणि तो रास्तच होता. दुसरा एक वाद मात्र इथे बेल्जियममध्ये बसून वाचताना खटकत राहतो. एक बाजू म्हणते, हा खेळच डोपिंगवाल्यांचा, आर्मस्ट्राँग विसरलात का? वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, आकडेवारीत भारताचं नाव वर आलं की दुसरी बाजू म्हणते, गोऱ्यांचं सगळं खपतं, पकडली जातात ती आपलीच पोरं. दोघांचीही नजर खेळाडूवरच खिळलेली असते. त्याला औषध कुणी दिलं, पैसे कुणी मोजले, प्रशिक्षकाला माहीत होतं का, हे कुणी विचारत नाही. युरोपातलं सायकलिंग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही शिकलं असेल तर हे प्रश्न विचारायला शिकलं, आणि तेही नाक ठेचल्यावरच.

८ जुलै १९९८ रोजी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर फेस्टिना संघाची गाडी अडवली गेली. चालवत होता संघाचा मालिशवाला विली व्होट. गाडीत ईपीओ (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध), ग्रोथ हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉनचा साठा सापडला. प्रकरण फुटलं ते कस्टममुळे. ईपीओ ओळखणारी चाचणीच तेव्हा वापरात नव्हती. १९९७ पासून युसीआयने एवढीच मर्यादा घातली होती की रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५० टक्क्यांच्या वर नको. संघांनी तिच्यावरही तोड काढली. डॉक्टर हे प्रमाण मोजायला स्वतःचं सेंट्रिफ्यूज यंत्र बाळगत, आकडा ५० च्या वर दिसला की सलाइन लावून रक्त पातळ करत आणि मग खेळाडूला चाचणीला पाठवत. त्या काळात ‘चाचणीत काही सापडलं नाही’ या वाक्याला काही किंमत नव्हती. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात विजेतेपदं २०१२ मध्ये गेली ती मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे आणि कागदपत्रांमुळे. त्याचा व्यवस्थापक योहान ब्रुइनेल हा बेल्जियमचाच. त्याला आधी दहा वर्षांची बंदी झाली आणि २०१८ मध्ये क्रीडा लवादाने ती आजन्म केली. घरच्या चर्चेत हे दुसरं नाव येतच नाही.

२००८ मध्ये बायोलॉजिकल पासपोर्ट आला. त्याची रीत समजली की बातम्या वेगळ्या वाचता येतात. त्यात औषध शोधत नाहीत, त्याच माणसाच्या रक्ताचा वर्षानुवर्षांचा आलेख बघतात. मुख्य आकडे दोन: हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशींची टक्केवारी. ईपीओ चालू असताना कोवळ्या पेशी वाढतात. ते थांबवलं की हिमोग्लोबिन काही काळ चढंच राहतं आणि कोवळ्या पेशी मात्र घसरतात, कारण रक्त पुरेसं आहे म्हणून शरीर नवं बनवायचं थांबवतं. स्वतःचं रक्त काढून साठवलं की उलटं होतं: हिमोग्लोबिन खाली, कोवळ्या पेशी वर. तेच रक्त शर्यतीआधी परत चढवलं की पुन्हा ईपीओ थांबवल्यावरचं चित्र. उंचावरचा सराव, जुलाब, पाणी कमी पडणं, यांनीही आकडे हलतात. म्हणून रक्त घेण्याआधी खेळाडूला दहा मिनिटं बसवून ठेवतात, उंचावरच्या मुक्कामाची नोंद घेतात आणि नमुना थंड ठेवून त्याच्या तापमानाचीही नोंद पाठवतात. यात एक कडी निसटली की प्रकरण लवादासमोर टिकत नाही. शेवटी तीन तज्ज्ञांचं एकमत लागतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पेनच्या ओइएर लाझ्कानोवर तात्पुरती बंदी आली ती याच पद्धतीने. शंका २०२२ ते २०२४ च्या आकड्यांवर होती, तेव्हा तो मोव्हिस्टारकडून खेळत होता. फटका बसला तेव्हा तो रेड बुल-बोरा-हान्सग्रोहेमध्ये होता आणि त्या संघाने करार संपवला. खेळाडू संघ बदलतो तेव्हा त्याच्या रक्ताचा इतिहास बरोबर जातो. ऑगस्ट उजाडला की इथे बदल्यांचीच चर्चा. बेल्जियमचा रेम्को एव्हेनेपूल सौडाल क्विक-स्टेप संघ सोडून रेड बुलकडे गेला, लोट्टो आणि इंटरमार्शे हे संघ एकत्र आले, आर्केआ संघ बंद पडला. बंद पडलेल्या संघातले सायकलपटू करार शोधत फिरतात. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या गुणांवर २०२६ चे वर्ल्ड टूरचे, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचे, परवाने ठरले, त्यात कोफिडीस बाहेर गेला आणि उनो-एक्स आत आला. गुण, परवाना आणि पुढच्या वर्षीचा पगार असे एकमेकांत अडकलेले असतात. मोह तिथेच जन्मतो आणि तो एकट्या खेळाडूचा नसतो.

आपल्याकडे हाच दाब नोकरीतून येतो. रेल्वे, पोलीस, सैन्यदलं यांतली क्रीडा भरती, महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. एका पदकावर घराचं भवितव्य ठरतं. वाडाच्या २०२४ च्या आकडेवारीत भारताचे ७,११३ पैकी २६० नमुने दोषी निघाले, म्हणजे सुमारे ३.७ टक्के. ‘चाचण्या वाढल्या म्हणून आकडा वाढला’ हा खुलासा अर्धाच पटतो. फ्रान्सने ११,७४४ नमुने तपासले, त्यात ९१ निघाले. वैद्यकीय परवानगी घेऊन औषध घेणारेही या आकड्यांत येतात, पण त्याने एवढी तफावत भरून निघत नाही. गोव्यातल्या २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेतही बऱ्याच जणांचे नमुने दोषी आले होते. बातम्यांत खेळाडूंची नावं छापून आली. औषध पुरवणाऱ्यांची किती आली?

पुण्यात जिमवाल्या पोरांना मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं विकणाऱ्यांना पोलिसांनी अनेकदा पकडलं आहे. हे औषध भूल देताना रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात. वाडाच्या यादीत ते उत्तेजक म्हणून बंद आहे, आणि ते हृदयाचे ठोके व रक्तदाब चढवतं. उन्हात घाट चढणाऱ्या, अंगातलं पाणी आटलेल्या मुलाने ते घेतलं तर प्रश्न पदकापुरता उरत नाही. सायकलिंगमध्ये २०११ पासून नियम आहे की वैद्यकीय कारणाशिवाय सुई टोचायचीच नाही, मग बाटलीत नुसतं जीवनसत्त्व का असेना. हा नियम फार शहाणा आहे. ‘थकवा जाण्यासाठी’ सलाइन लावायची सवय हीच पुढच्या सुईची पहिली पायरी असते, आणि ती सवय आपल्याकडे गावोगावी आहे.

बेल्जियम सोवळं आहे असं मुळीच नाही. फ्लँडर्सचा सिंह म्हणवला जाणारा योहान म्युझेउ २००४ मध्ये बंदीत अडकला, २००७ मध्ये त्याने कबुली दिली, आणि आजही लोक त्याला डोक्यावर घेतात. सायकलपटू टून आर्ट्‌सच्या नमुन्यात लेट्रोझोल या बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला. दूषित पूरक आहाराचा त्याचा दावा होता, पण उगम सिद्ध करता आला नाही, म्हणून दोन वर्षं बंदीत गेली. त्यावर इथे अजून भांडणं होतात, आणि मला ती आवश्यक वाटतात. त्यातून सायकलपटूने घ्यायचा धडा अगदी साधा आहे. प्रत्येक पावडर-गोळीचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा, त्याच बॅचचा सीलबंद डबा राखावा, आणि गावातल्या डॉक्टरला औषध लिहिण्याआधीच सांगावं की आपली चाचणी होते.

संघाला जबाबदार धरायचा युसीआयचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बारा महिन्यांत एकाच व्यावसायिक संघातले दोघे सापडले तर अख्खा संघ १५ ते ४५ दिवस बाहेर. २०१७ च्या जिरोच्या, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीच्या, आदल्या दिवशी बार्दियानी संघाचे दोन सायकलपटू सापडले आणि पुढे संघाला ३० दिवस घरी बसावं लागलं. २०२२ मध्ये पोर्तुगालच्या डब्ल्यू-५२ संघाचा परवानाच गेला. प्रायोजकाचं नाव जर्सीवरून उतरतं तेव्हा व्यवस्थापक खडबडून जागे होतात.

आपल्या राज्य संघटनांनी आणि सैन्यदल-रेल्वेच्या संघांनी हाच नियम स्वतःला लावून घ्यावा. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. वाडाची मान्यता असलेली देशातली एकमेव प्रयोगशाळा दिल्लीत आहे आणि तिचीही मान्यता २०१९ ते २०२१ निलंबित होती. तेव्हा महाराष्ट्रातले रक्ताचे नमुने थंड राखून वेळेत तिथे पोचवण्याची सोय शर्यतीच्या खर्चातच धरावी लागेल. आणि चाचण्या शर्यतीच्या दिवशी कमी, डिसेंबरच्या सरावात जास्त हव्यात. रोज एका तासासाठी कुठे सापडाल ते आगाऊ कळवायचं आणि बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर बंदी, हा नियम वरच्या खेळाडूंना आजही लागू आहे. पुढच्या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक भारतीय संघाच्या यादीत सायकलपटूंच्या नावांखाली डॉक्टरचं, प्रशिक्षकाचं आणि मालिशवाल्याचं नाव छापावं. कुणी सापडला तर चौकशीची पहिली नोटीस त्या तिघांना जावी.