चालू मशीन भंगारात का घालू?

डोकं फिरलंय नुसतं. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे जेकार्डचे माग आहेत, पुठ्ठ्यांच्या भोकांवरून नक्षी विणणारे, चादरीचे. डिझाईनच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं पंचिंग मशीन एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलंय, मागच्या त्या रुंद 25 पिनांच्या केबलने. मागच्या आठवड्यात कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. नवी टाकली, सगळं परत भरलं, तर डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्सच चालू होईना. कंपनीला फोन लावला. "सर, त्या व्हर्जनचा सपोर्ट बंद झाला, नवीन घ्या."

नवीन सॉफ्टवेअर 64 बिटच्या नव्या धाटणीच्या कॉम्प्युटरवरच चालतं, आमचा जुना, 32 बिटचा. नवा कॉम्प्युटर आणावा तर त्याला ती रुंद केबल लावायची जागा, पॅरलल पोर्टच नाही. यूएसबीची प्रिंटरवाली केबल लावून बघितली, मशीन हूं की चूं करत नाही. म्हणजे धडधाकट पंचिंग मशीन आता मी भंगारवाल्याला घालायचं?

वर म्हणे, "वापरणारं कोणी राहिलं नाही." कुणी मोजलं? व्हायरस नको म्हणून आमचा कॉम्प्युटर मी नेटला कधी जोडलाच नाही. जो नेटवर नाही तो यांच्या मोजणीत नाही. कारखान्यात कोपऱ्यात धूळ खात काम करणारी अशी किती मशीनं असतील, कुणी येऊन बघितलंय का?

जुनं कधीच सोडू नका, असं माझं म्हणणं नाही. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टीम. ती बनवणाऱ्यांनी डिसेंबर 2012 मध्ये इंटेलच्या 386 या जुन्या चिपचा सपोर्ट काढला. चिप 1985 ची. तिच्यासाठी ठेवलेल्या कोडमुळे बाकीच्यांचं काम अडत होतं, ते त्यांनी उघड सांगितलं, आणि जुनं कर्नल, म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा, आजही कुणीही उतरवून घेऊ शकतो. पटतं मला. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पण ती तारीख आधीपासून माहीत होती, आणि त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही.

इथं मात्र पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरला कुलूप लावून चावी घेऊन गेले! नवीन काही मागत नाही मी. दुरुस्ती नको, अपडेट नको. जुन्या व्हर्जनचं कुलूप काढून द्या, पुढचं आमचं आम्ही बघतो. लग्नसराईची ऑर्डर अंगावर आहे, नवी डिझाईन पुठ्ठ्यावर उतरत नाही म्हणून दोन माग उभे आहेत, आणि विणकर रोज सकाळी विचारतो, "मालक, आज तरी पुठ्ठे येणार का?"