हुशारांनी अकरावी, बाकीच्यांनी आयटीआय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविनय नमस्कार.

दहावीनंतर आयटीआयत, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, शिकवल्या जाणाऱ्या दोन वर्षांच्या ट्रेडविषयी (फिटर, इलेक्ट्रिशियन अशा व्यवसायांविषयी) मी लिहिलेल्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि कडकही आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. आपण मराठवाड्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : पंधराव्या वर्षी मुलाच्या हातात कानस, म्हणजे लोखंड घासायचे हत्यार, देणे म्हणजे त्याच्या पुढच्या शिक्षणाला कुलूप लावणे, हा सल्ला शेतमजुरांच्या आणि बहुजनांच्या मुलांनाच दिला जातो, सल्ला देणाऱ्यांची मुले मात्र अभियांत्रिकीला जातात, १९५३ साली मद्रास राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजी यांनी आणलेल्या शिक्षण योजनेचीच ही सभ्य आवृत्ती आहे, आयटीआय झालेला मुलगा एमआयडीसीत ‘शिकाऊ’ या नावाखाली स्वस्तात राबतो, आणि अशा परिस्थितीत जर्मनीचे गोडवे गाणे हास्यास्पद आहे. जाता जाता आपण आपल्या एका विद्यार्थ्याबद्दलही विचारले आहे. त्याचे उत्तर अखेरीस देतो.

राजाजींच्या योजनेशी केलेली तुलना बोचरी आहे, पण नेमकी नाही. त्या योजनेत प्राथमिक शाळेतल्या मुलाने अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात घरी आईबापांचा धंदा शिकायचा, असे ठरले होते. म्हणजे न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरायचा आणि कुंभाराच्या मुलाने चाक फिरवायचे. लोकांनी तिला ‘कुलकल्वी’ (कुळाच्या धंद्याचे शिक्षण) म्हणून झोडपले आणि १९५४ मध्ये त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या कामराज यांनी ती मोडीत काढली, ते योग्यच झाले. आयटीआयच्या प्रवेशात वडिलांचा धंदा कोणी विचारत नाही. दहावीचे गुण, आरक्षण आणि मुलाने भरलेले पसंतीक्रम यांवर ट्रेड मिळतो. मी आयटीआयत फिटर ट्रेडला शिल्पनिदेशक, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणारा शिक्षक, म्हणून नोकरी केली. माझ्या तुकड्यांत ऊसतोड कामगारांची मुले होती, मेंढपाळांची होती, चहाच्या टपरीवाल्याची होती, अल्पभूधारकांची तर होतीच. लोहाराचा मुलगा मात्र क्वचितच आला. बापजाद्यांच्या धंद्यातून बाहेर पडण्यासाठीच ही मुले येत होती.

जात ही नुसती श्रमविभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हा बाबासाहेबांनी केलेला भेद आपण आठवण म्हणून दिला आहे, आणि तो इथे अगदी लागू आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि युद्धकाळात सुरू झालेली तंत्रप्रशिक्षण योजना याच खात्याखाली चालत होती. तंत्रकौशल्य हे दलित-बहुजनांना खाली दाबण्याचे साधन आहे, असे मानणाऱ्या माणसाने ते खाते तसे चालवले नसते.

याच इतिहासात आपल्या तक्रारीचे खरे मूळही आहे, आणि ते मला जातीपेक्षाही कारभारात अधिक दिसते. युद्ध संपल्यावर सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. १९५० मध्ये त्याच शाखेतून शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आजची आयटीआय, उभी राहिली. केंद्रात हा सगळा व्यवहार शिक्षण खात्याचा कधी नव्हताच. २०१५ पर्यंत आयटीआय कामगार मंत्रालयाकडेच होती, मग ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. परिणाम असा, की दोन वर्षे घासून मिळवलेले राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जात चालायचे, पण शिक्षणाच्या शिडीवर त्याला पायरीच नव्हती. मुलगा वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये त्रिकोणमिती वापरत होता, ड्रॉइंग वाचत होता, तरी कागदोपत्री तो दहावी पासच राहिला. कुलूप आपण म्हणता ते हेच. पण ते कानशीने लावले नाही, दोन खात्यांनी एकमेकांचे कागद न मानल्यामुळे ते लागले. आता ते अर्धे उघडले आहे. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला आयटीआयचे विषय क्रेडिट हस्तांतरणाने, म्हणजे तिथले गुण बारावीत धरून, घेऊन बसता येते. ही माहिती मुलांपर्यंत पोहोचत नाही, हा वेगळा आणि गंभीर दोष आहे.

सल्ला देणाऱ्यांच्या मुलांबद्दल आपण विचारलेत, तेव्हा सांगतो : मुलगी वाणिज्य शाखेला गेली, कारण तिला हिशेबात गोडी होती, माझ्या सख्ख्या पुतण्याने इलेक्ट्रिशियन केले. यातून काही सिद्ध होते असे मला वाटत नाही. सुशिक्षित घरातली मुले आयटीआयकडे फिरकत नाहीत, हे आपले निरीक्षण खरेच आहे, आणि सरकारही त्याला हातभार लावते. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. पदवी कोणती, तिच्यात हाताला काय येते, याची चौकशी नाही. पदवी म्हटली की दोन हजार जास्त. मग पालकांनी काय धडा घ्यावा?

मात्र ज्या मुलाला आयटीआयपासून वाचवायचे, त्याला आपण पाठवतो कुठे, याचाही विचार व्हायला हवा. दहावीला ५२ टक्के मिळालेला मुलगा गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेत नाव घालतो, वर्गात फारसा दिसत नाही, बारावी काढतो, मग बीए, आणि मग पहाटे भरतीच्या मैदानावर १,६०० मीटर धावण्याची तयारी. पोलीस भरतीच्या जागा थोड्या आणि धावणारे अमाप. वयाच्या पंचविशीत तो घरी परततो तेव्हा त्याच्याकडे पदवी असते आणि उत्तर नसते. ही सुद्धा मुलांची वर्गवारीच आहे, फक्त तिच्यावर पाटी नाही. कला शाखेला मी कमी लेखत नाही. इतिहास-भूगोल मन लावून शिकणारा मुलगा तिथेच शोभतो. पण ‘बाकी कुठे जमले नाही म्हणून कला’ आणि ‘बाकी कुठे जमले नाही म्हणून आयटीआय’ या दोन्ही वाक्यांत अपमान सारखाच आहे, आणि आपण फक्त दुसऱ्यावर रागावता.

आता शिकाऊ उमेदवारीकडे येतो. आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे, आणि त्याबाबत माझी मते आपल्यापेक्षा सौम्य नाहीत.

फिटरच्या मुलाला पहिले कित्येक आठवडे एकच काम असते : माइल्ड स्टीलचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये धरून कानशीने सपाट करायचा. थोड्या थोड्या वेळाने तो ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून खिडकीच्या उजेडाकडे धरतो; पातीखालून उजेडाची रेघ दिसली की तिथे उंचसखल आहे, पुन्हा घास. बाहेरच्याला हे वेठबिगारीसारखे दिसेल, पण शंभरांश मिलिमीटर म्हणजे काय हे मनगटाला तिथेच कळते. असा तयार झालेला मुलगा शिकाऊ म्हणून कारखान्यात जातो आणि त्याला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनपुढे उभे करतात. दार उघडायचे, जॉब चकमध्ये धरायचा, हिरवे बटण दाबायचे, सायकल संपली की जॉब काढून ट्रेमध्ये ठेवायचा. ऑफसेट (मापाची दुरुस्ती) कसा द्यायचा, इन्सर्ट (धातू कापणारे पाते) कधी बदलायचा, माप का सरकले, हे मशीन लावून देणाऱ्या सेटरला विचारले तर ‘तू लोडिंग बघ’ असे उत्तर मिळते. वर्षभर त्याने हिरवे बटण दाबलेले असते, आणि वर्ष संपले की त्याच्या जागी दुसरा शिकाऊ. माझ्या जुन्या प्रशिक्षणार्थ्यांनी एका मोठ्या कारखान्याबद्दल हे इतक्या वेळा सांगितले आहे की मला ते अपवाद वाटत नाही.

कायदा याला आळा घालू शकतो का? शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार शिकाऊ हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, आणि म्हणून सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. तो खरोखर शिकत असेल तर ही सवलत रास्त आहे. तो लाइनवर उत्पादन काढत असेल तर तीच सवलत मालकाची पळवाट होते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांसाठीची कारावासाची शिक्षा वगळून दंड ठेवला. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक केले, आणि २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा एक चतुर्थांश वाटा, कमाल १,५०० रुपये, उचलत आले आहे. शिकाऊ किती घेतले हे मोजायची सोय अशी चोख झाली. त्यांना काय शिकवले हे पाहायला शॉप फ्लोअरवर कोण जातो? त्यातच २०१३ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या ‘नीम’ या रोजगारक्षमता योजनेखाली तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ‘ट्रेनी’ ठेवण्याची मुभा मिळाली आणि चाकण-रांजणगाव भागात नीमची मुले सर्रास दिसू लागली. ती योजना पुढे गुंडाळली गेली, पण सवय राहिली.

जर्मनीचे नाव मी घेतले ते एवढ्याचसाठी. तिथले सगळे अनुकरणीय आहे, असे मी म्हटले नव्हते. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, आणि ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. पण १९६९ च्या तिथल्या कायद्याखाली शिकाऊ मुलाचा करार उद्योग-व्यापार मंडळात किंवा कारागीर मंडळात नोंदवावा लागतो, आठवड्यातले एक-दोन दिवस तो व्यवसाय शाळेत असतो, त्याला शिकवणाऱ्या माणसाची पात्रता तपासली जाते आणि अंतिम परीक्षा मालक घेत नाही, मंडळ घेते. पुढे तो ‘माइस्टर’ (उस्ताद कारागीर) झाला की पात्रतेच्या राष्ट्रीय चौकटीत त्याचा स्तर पदवीधराच्या बरोबरीचा धरतात. आपल्याकडे २०१६ पासून आयटीआयसाठी ‘दुहेरी प्रशिक्षण पद्धती’ या नावाने कारखान्यांशी करार होऊ लागले, पण नाव घेतले म्हणून देखरेख येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज दिला आहे : १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय मनुष्यबळापैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६. हे आकडे वाचून आपल्याकडे संस्था वाढवायची घाई होते. मी आधी निरीक्षक वाढवीन.

आता आपला विद्यार्थी. त्याला ६१ टक्के आहेत, शासकीय आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाला आहे आणि अकरावी विज्ञानालाही नाव लागले आहे, असे आपण लिहिले आहे. घरची दोन एकर कोरडवाहू, आणि मुलगा गावातल्या मोटारी दुरुस्त करतो. माझे मत आयटीआयच्या बाजूने आहे. पण प्रवेश पक्का करण्यापूर्वी त्याने संस्थेत एक चक्कर मारावी, इलेक्ट्रिशियनच्या सेक्शनमध्ये नियमित निदेशक आहे की तासिका तत्त्वावरचा, मोटार रिवाइंडिंग (जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळणे) मुले स्वतः करतात की फळ्यावर बघतात, आणि मागच्या वर्षीची मुले शिकाऊ म्हणून कुठे गेली, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे; कार्यालयात विचारू नये. अकरावीची जागा त्याने सोडली तरी बारावी सोडू नये. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी इलेक्ट्रिशियन किंवा तारतंत्रीच्या (वायरमनच्या) प्रमाणपत्राबरोबर बारावीही मागितली गेली आहे, आणि दरवर्षी कितीतरी मुले नेमकी याच अटीवर अडतात. म्हणून क्रेडिट हस्तांतरणाचा मार्ग त्याने पहिल्याच वर्षी संस्थेतून समजून घ्यावा आणि बारावीचे अर्ज सुटतील तेव्हा मुदत चुकवू नये. त्याचे इंग्रजी कच्चे आहे, असे आपण म्हणता. ते आपण घेतलेत तर फार बरे होईल.