प्रतिक्रियेला उत्तर : एकेक पेशी बघायची कशाला?

सर, नमस्कार.

पेशींच्या आपसातल्या संवादावर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. जिवाणूने बाहेर टाकलेला रेणू हा त्याचा मळ, त्याला निरोप म्हणणं भाबडेपणा. चंबूभर पेशी एकदम मोजल्या की काम भागतं, एकेक पेशी बघत बसणं ही श्रीमंत प्रयोगशाळांची हौस. आणि रत्नागिरीत कोळंबीचं तळं चालवणाऱ्या तुमच्या पुतण्याला याचा उपयोग शून्य. तिखट आहे, पण मुद्द्याचं आहे.

मळापासून सुरू करतो. व्हिब्रिओ फिशेरी हा चमकणारा जिवाणू ताज्या द्रवात सोडला तर तो वाढतो, पण प्रकाश वाढत नाही. पुढे दाटी झाली की एकदम उजळतो. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांचा १९७० चा शोधनिबंध याच कोड्यावर आहे. हे जिवाणू आधी वाढून गेलेल्या द्रवात थोड्याच पेशी टाकल्या, तरी त्या लवकर उजळतात, म्हणजे आधीच्यांनी सोडलेला कुठलासा रेणू त्या द्रवात साठलेला असतो. इथवर तुमचा मळही चालेल. पण १९८१ मध्ये त्या रेणूची रचना कळली, आणि मग दिसलं की तो तयार करायला एक प्रथिन आहे आणि नेमका तोच पकडायला दुसरं. पकडला की प्रकाशाची जनुकं चालू होतात, शिवाय तो रेणू आणखी बनवणारं जनुकही. टाकाऊ पदार्थासाठी एवढा सरंजाम कोण ठेवतो?

तरी तुमची शंका पोरकट नाही. २००२ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफिल्ड यांनी जवळपास हेच मांडलं : पेशी शेजाऱ्यांची गणती करत नसेल, आपण सोडलेलं किती पटकन वाहून जातं एवढंच चाचपत असेल. आता गंमत बघा, चंबूत या दोन्ही म्हणण्यांचा आलेख सारखाच येतो. फरक कळायला पेशी एकटीच हवी. २००९ मध्ये शिकागोच्या इस्मागिलोव्ह यांच्या गटाने स्यूडोमोनास एरुजिनोसा या दुसऱ्या एका जिवाणूच्या एकेक-दोनदोन पेशी अतिसूक्ष्म थेंबांत कोंडल्या. शेजारी कोणी नसतानाही काही थेंबांत रेणू साठला आणि गर्दीतलं वागणं सुरू झालं. म्हणजे रेडफिल्ड यांच्या, पर्यायाने तुमच्याच, बाजूला बळ मिळालं ते तुम्ही हौस म्हणता त्या पद्धतीमुळे!

दुसरं, सरासरी फसवते. व्हिब्रिओ हार्वेयी या फिशेरीच्याच चमकणाऱ्या भाऊबंदाला निरोपाचा रेणू भरपूर दिला तरी काही पेशी अंधाऱ्याच राहतात. यंत्र मात्र एकूण उजेड दाखवतं. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर टोपली दहा किलो भरली म्हणून आतली सगळी कोळंबी एका मापाची असते का?

 

तुमच्यापेक्षाही जास्त संशय मला एका ठिकाणी आहे. हल्ली ऊतींतल्या हजारो पेशींचा आरएनए, म्हणजे कुठली जनुकं चालू आहेत याची खूण, एकेक करून वाचतात. या पेशीत संदेशाचं जनुक चालू, त्या पेशीत तो संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचं, म्हणजे दोघी बोलतात, अशा याद्या संगणक भराभर काढतो. पण वाचण्यासाठी ऊती विस्कटलेली असते, कोण कोणाच्या शेजारी होतं हेच हरवतं. अखंड ऊतीच्या कापावर ताडून पाहिल्याशिवाय मी त्यावर विसंबत नाही.

राहता राहिला पुतण्या. कोळंबीच्या हॅचरीत पिल्लं रात्री चमकतात आणि मरतात, त्यामागे बहुधा हाच हार्वेयी असतो, आणि त्याच्या रोग करण्याच्या ताकदीवर हे निरोप ताबा ठेवतात. निरोप अडवले तर? ऑस्ट्रेलियातल्या डेलिसिया पल्क्रा या लाल शेवाळातली फ्युरॅनोन ही संयुगं प्रयोगशाळेत तसं करतात. मात्र निरोप न ऐकणारे जिवाणूही तगतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत बहिरे स्यूडोमोनास सापडले आहेत. म्हणून तळ्यात ओतायचं औषध येतंय असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पुतण्याला सांगा, बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, घेण्याआधी टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ वाढवण्याच्या खास माध्यमावर) व्हिब्रिओची मोजणी करून घे. तिथे एकूण आकडाच पुरतो, तेवढ्यापुरता तुमचा दुसरा मुद्दा कबूल.