सांध्यातली गादी (कूर्चा) वाढली म्हणजे दुखणं गेलं असं नाही
'नव्या औषधांनी कूर्चा परत वाढेल, गुडघा बदलायची गरजच उरणार नाही' हे गुडघेदुखीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य फार घाईचं वाटलं. कूर्चा वाढवण्यासाठी तपासल्या गेलेल्या स्प्रिफर्मिन या इंजेक्शनचं काय झालं बघा ना, 2019 मध्ये दोन वर्षांचे रिझल्ट छापून आले, एमआरआयवर कूर्चेची जाडी खरंच वाढली, पण मिलिमीटरचा अगदी बारीकसा भाग, आणि दुखण्यात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली इंजेक्शनपेक्षा) खास फरक नाही.

आमच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत, बर्डीच्या बाजारात भाजी घ्यायला गेली की दर दोन दुकानांनी पायरीवर टेकते. अशाच बातम्या वाचून भजनी मंडळातल्या काकू तिच्या मागे लागल्या, स्टेम सेलचं (नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींचं) इंजेक्शन घेऊन टाक, आम्ही गेलोही एका क्लिनिकात, तर लाखाच्या वर खर्च सांगितला आणि ट्रायलचा (औषधाच्या माणसांवरच्या चाचणीचा) रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर म्हणे ते नंतर बघू. अहो, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे, रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिच्या साइटवर ट्रायल कोणालाही फुकटात शोधता येते, ही एक ओळ लेखात टाका ना प्लीज, इथे लोकं सोनं मोडून पैसे भरून राहिले.